सलाईनच्या नळीतली झडप

रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या लोखंडी स्टँडवर पूर्वी एकच बाटली लटकलेली असे. आज अतिदक्षता विभागात त्याच स्टँडवर दोन-तीन पिशव्या, शेजारी एकावर एक रचलेले तीन-चार सिरिंज पंप आणि या सगळ्यांतून निघालेल्या नळ्यांचा गुंता दिसतो. रक्तदाब टिकवणारे औषध एका नळीतून, गुंगीचे दुसरीतून, प्रतिजैविक तिसरीतून आणि साधे सलाईन चौथीतून. शिरा मात्र मोजक्याच असतात. प्रत्येक औषधासाठी वेगळी सुई टोचणे शक्य नसते. त्यामुळे या सगळ्या नळ्या शेवटी हातावरच्या किंवा मानेजवळच्या एका-दोन वाटांपाशी येऊन मिळतात.

नातेवाईकांचे लक्ष बाटलीकडे असते. संपत आली का, थेंब पडताहेत का. डॉक्टरांचे लक्ष पंपावरच्या आकड्यांकडे असते. या दोहोंच्या मध्ये, नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, नखाएवढे प्लॅस्टिकचे काही तुकडे असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यांच्या पोटात असतात झडपा. पंप फक्त एवढेच सांगतो की त्याच्यातून किती औषध बाहेर पडले. ते कोणत्या दिशेने गेले आणि रुग्णाच्या रक्तात केव्हा पोहोचले, हे पुष्कळ वेळा या झडपांवर अवलंबून असते.

शरीराकडे आधीपासून असलेली युक्ती

द्रव एकाच दिशेने जाऊ द्यायचा आणि मागे फिरू लागला की वाट बंद करायची, ही युक्ती निसर्गाने फार पूर्वीच वापरली आहे. हृदयात चार झडपा असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हातापायांच्या शिरांमध्येही छोट्या-छोट्या झडपा असतात. इटलीतील पाडुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये शिरांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा या झडपा त्यांच्या पुराव्यातील एक महत्त्वाचा दुवा होत्या. दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या शिरेवर बोट दाबत हार्वेंनी दाखवून दिले की शिरेतील रक्त हृदयाकडेच जाते, उलट ढकलले तर झडपेपाशी अडते.

शिरेतून द्रव देण्याची सुरुवात झाली ती १८३२ मध्ये. स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी कॉलऱ्याने सुकून गेलेल्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. तेव्हा द्रव एकच होता, नळीही एकच. झडपांची खरी गरज पुढे निर्माण झाली, एकाच शिरेतून अनेक औषधे द्यायची वेळ आली तेव्हा.

थ्री-वे: हाताने फिरवायचा कॉक

रुग्णालयात सर्वांत जास्त दिसणारी झडप म्हणजे थ्री-वे. तीन तोंडे असलेला हा छोटा कॉकच असतो. एका तोंडाला सलाईन, दुसऱ्याला रुग्णाकडे जाणारी नळी आणि तिसऱ्याला इंजेक्शनची सिरिंज किंवा पंप. मधली दांडी फिरवली की आतला भोके असलेला दट्ट्या फिरतो आणि कोणती दोन किंवा तिन्ही तोंडे एकमेकांना जोडली जाणार, हे ठरते. असे तीन-चार थ्री-वे एका पट्टीवर बसवले की झाला मॅनिफोल्ड. गरज पडेल तशी एकेक औषधाची नळी त्याला जोडत जायची. सगळ्या जोडण्यांचा आकार ठरलेला असतो. त्यांचे टोक ६ टक्के निमुळते असते, म्हणून कोणत्याही कंपनीची सिरिंज कोणत्याही नळीत घट्ट बसते. या जोडणीला ल्युअर म्हणतात.

थ्री-वे स्वतःहून काही करत नाही. ज्याने फिरवला, त्याच्या लक्षावर सगळे अवलंबून. त्यात आणखी एक घोळ आहे. काही थ्री-वेमध्ये दांडी ज्या बाजूला असते ती बाजू बंद असते आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. काहींना तीन बाहू असतात आणि ज्या दिशेला बाहू, तिकडची वाट उघडी. एकाच वॉर्डात दोन्ही प्रकार असतील, तर अनुभवी सिस्टरलाही हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे लागते.

रक्तदाब टिकवणारे औषध पंपाने ताशी २ मिलिलिटर अशा संथ वेगाने चालू असते, असे समजू. थ्री-वेपासून शिरेपर्यंतच्या नळीत १ मिलिलिटर द्रव मावतो आणि त्या वाटेने दुसरे काही चालू नाही. अशा वेळी औषध पंपातून निघाल्यावर रुग्णाच्या रक्तात पोहोचायला अर्धा तास लागेल. उलट, नळी त्या औषधाने भरलेली असताना कोणी बाजूच्या तोंडातून दुसरे इंजेक्शन जोराने दिले, तर अर्ध्या तासाचे औषध काही सेकंदांत आत जाईल आणि रक्तदाब एकदम उसळेल. म्हणूनच अशा औषधांची नळी वेगळी ठेवतात आणि तिच्यातून दुसरे इंजेक्शन देत नाहीत.

शेतातल्या ठिबकसारखे

दुसरा प्रकार एकदिशा झडपेचा. ही कोणी फिरवावी लागत नाही. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला ती समजावून सांगायची गरजही नाही. व्हेंच्युरीतून विद्राव्य खत पाण्यात सोडताना मोटार अचानक बंद पडली, तर खताचे पाणी उलटे फिरून विहिरीत जाऊ नये, म्हणून मुख्य पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. सलाईनच्या नळीत तेच काम सिलिकॉनची पातळ चकती करते. पुढच्या दिशेने दाब आला की चकती उचलली जाते, मागून दाब आला की ती आपल्या बैठकीवर घट्ट बसते. काही झडपांत चकतीऐवजी बदकाच्या चोचीसारखे दोन मऊ पापुद्रे असतात. आतून दाब आला की चोच उघडते, बाहेरून आला की मिटते.

मुख्य सलाईन चालू असताना मध्येच अर्ध्या तासासाठी प्रतिजैविक द्यायचे असेल, तेव्हा या झडपेचा उपयोग दिसतो. प्रतिजैविकाची छोटी बाटली मुख्य नळीच्या फाट्याला जोडतात आणि मुख्य पिशवी आकड्याने थोडी खाली टांगतात. छोटी बाटली उंचावर, म्हणून तिचा दाब जास्त. त्या दाबाने फाट्याच्या वरची एकदिशा झडप बंद होते आणि मुख्य सलाईन आपोआप थांबते. छोटी बाटली रिकामी होत आली, तिच्यातील द्रवाची पातळी मुख्य पिशवीच्या पातळीपेक्षा खाली गेली, की झडप उघडते आणि सलाईन पुन्हा सुरू होते. कोणाला काही करावे लागत नाही.

पण सगळ्या सेटमध्ये ही झडप नसते. साध्या, स्वस्त सेटमध्ये फाटा असतो, झडप नसते. अशा सेटला उंचावर दुसरी बाटली जोडली, तर औषध खाली रुग्णाकडे जाण्याबरोबरच वर मुख्य पिशवीतही शिरू शकते. छोटी बाटली रिकामी दिसते, कागदावर डोस दिल्याची नोंद होते. प्रत्यक्षात त्यातले काही औषध मोठ्या पिशवीत मिसळून पुढचे कित्येक तास संथपणे जात राहते. साध्या सेटवर म्हणूनच मुख्य सलाईन रोलरने पूर्ण बंद करून मगच दुसरे औषध सुरू करायचे असते.

पंप वाजत नाही तेव्हा

झडप नसल्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागू शकते ती मॉर्फिनसारख्या औषधांच्या बाबतीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना वेदनाशमनाचा पंप लावतात. दुखू लागले की रुग्णाने बटण दाबायचे आणि पंपाने ठरलेला छोटा डोस द्यायचा, अशी ही सोय. दोन डोसांमध्ये ठरावीक मिनिटांचे अंतर पंपच राखतो, त्यामुळे एरवी ती सुरक्षित आहे. या पंपाची नळी बहुतेक वेळा सलाईनच्या नळीलाच फाट्याने जोडलेली असते.

आता अशी कल्पना करा की हात दुमडल्याने किंवा सुईत गुठळी झाल्याने शिरेकडची वाट बंद झाली. नळीत अडथळा आला की दाब वाढतो आणि पंप वाजतो, हे खरे. पण इथे औषधाला दुसरी वाट मोकळी आहे, वर सलाईनच्या पिशवीकडे जाणारी. औषध निमूटपणे त्या नळीत चढते. दाब वाढत नाही, पंप वाजत नाही. रुग्णाच्या वेदना काही थांबत नाहीत, म्हणून तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक वेळी १ मिलिग्रॅम धरले, तर दहा वेळा दाबल्यावर १० मिलिग्रॅम मॉर्फिन सलाईनच्या नळीत साठलेले असते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की थेंब थांबले आहेत. हात सरळ केला जातो, सुई मोकळी केली जाते, सलाईन जोरात धावू लागते आणि ते सगळे मॉर्फिन एकदम रक्तात जाते. मॉर्फिनची जादा मात्रा श्वास मंदावते, प्रसंगी थांबवते.

हा अपघात टाळणारी वस्तू म्हणजे सलाईनच्या नळीवर, फाट्याच्या वर बसवलेली एकदिशा झडप. ती असली की औषध वर चढू शकत नाही. अडथळा आला तर दाब पंपापर्यंत पोहोचतो आणि पंप वाजतो. म्हणजे ही झडप औषध योग्य वाटेने नेते, तशीच पंपाची धोक्याची घंटाही जिवंत ठेवते.

याच्या उलट धोका असतो सायफनचा. सिरिंज पंप रुग्णापेक्षा बऱ्याच उंचीवर ठेवलेला आहे आणि सिरिंजचा दांडा पंपाच्या खाचेत नीट अडकवलेला नाही, तर नळीतील द्रवाच्या वजनानेच दांडा ओढला जाऊ शकतो. एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो. आडव्या रुग्णाच्या हातातील शिरेतला दाब त्याच्या कितीतरी खाली असतो. मग तासन् तास पुरवायची सिरिंज थोड्या वेळात रिकामी होते. यासाठी वेगळी, सायफनरोधक झडप असते. तिचा स्प्रिंग किंवा पडदा जरा ताठ असतो. नुसत्या उंचीच्या दाबाला ती उघडत नाही, पंपाने ढकलले तरच उघडते. दोन्ही झडपा दिसायला सारख्याच, पारदर्शक आणि इवल्याशा. कामे मात्र वेगळी. सायफनरोधक झडप चुकून साध्या सलाईनच्या नळीवर बसवली तर सलाईन चालणारच नाही. एकदिशा झडप सायफन रोखू शकणार नाही, कारण सायफनची दिशा पुढचीच असते.

न पटणारी औषधे

नळ्या एकत्र आल्या की औषधेही एकमेकांना भेटतात, आणि सगळ्यांचे पटतेच असे नाही. फिटवर दिले जाणारे फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये गेले की त्याचे स्फटिक होऊ लागतात. सोडियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की नळीत पांढरा साका दिसतो. तो असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचाच. बायकार्बोनेटमुळे अ‍ॅड्रिनॅलिनचा प्रभावही कमी होतो.

नवजात बाळांच्या बाबतीत हे फार गंभीर ठरते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक आणि कॅल्शियम यांच्या संयोगाने बनलेले कण बाळांच्या फुफ्फुसांत आणि मूत्रपिंडांत आढळले, मृत्यूही झाले. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबाबत इशारा दिला. शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला हे औषध वेगळ्या नळीतूनही देऊ नये, असा नियम आहे. इथे कोणतीही झडप उपयोगी पडत नाही. झडपेला दिशा कळते, औषध कळत नाही.

न पटणाऱ्या द्रवांना शेवटच्या क्षणापर्यंत वेगळे ठेवण्यासाठी मात्र चांगल्या युक्त्या आहेत. शिरेतून पूर्ण आहार देण्याच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ असे तीन कप्पे असतात. मधली शिवण ठरावीक दाब दिल्यावरच सुटते. देण्यापूर्वी पिशवी गुंडाळत दाबायची, शिवण उघडते आणि तिन्ही द्रव मिसळतात. एकदाच उघडणारी झडपच म्हणायची ती. मोठ्या रुग्णालयांच्या औषध विभागात असा आहार यंत्राने तयार करतात. अनेक बाटल्यांच्या नळ्या एका फिरत्या झडपांच्या संचाला जोडलेल्या असतात. एका वेळी एकच वाट उघडते, पंप तेवढाच द्रव खेचतो आणि खालचा वजनकाटा ताडून पाहतो की ठरले तेवढेच पडले का.

साध्या वॉर्डात याला पर्याय आहे तो दोन औषधांच्या मध्ये सलाईनने नळी धुण्याचा. त्याने आणखी एक प्रश्न सुटतो. पूर्ण लांबीच्या सलाईन सेटमध्ये साधारण १५ ते २० मिलिलिटर द्रव मावतो. १०० मिलिलिटरची प्रतिजैविकाची बाटली रिकामी होताच सेट काढून टाकला, तर डोसाचा बराच भाग नळीतच राहून कचऱ्यात जातो. बाटली संपणे म्हणजे डोस पूर्ण होणे नव्हे. नळी धुतली गेली की तो पूर्ण होतो.

जंतूंची वाट

नळीला सुई न टोचता इंजेक्शन देता यावे, यासाठी सुईविना जोडणीची टोपी आली. तिच्यातही झडप असते. सिरिंज घट्ट बसवली की आतला सिलिकॉनचा भाग दाबला जातो आणि वाट उघडते. सिरिंज काढली की तो वर येऊन तोंड बंद करतो. कर्मचाऱ्यांना सुई टोचून होणारे कावीळ आणि एचआयव्हीचे संसर्ग टाळणे, हा तिचा मुख्य हेतू. अमेरिकेत २००० मध्ये यासाठी कायदाच झाला.

पण ही टोपी पुसली नाही, तर तिच्या पृष्ठभागावरचे जंतू सिरिंजबरोबर थेट रक्तात जातात. प्रत्येक वेळी ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने ती घासून पुसायची आणि वाळू द्यायची, हा नियम म्हणूनच आहे. काही टोप्यांत सिरिंज काढताना थोडे रक्त मागे ओढले जाते, काहींत थोडा द्रव पुढे ढकलला जातो. पहिल्या प्रकारात नळीची चिमटी आधी लावून मग सिरिंज काढायची, दुसऱ्यात सिरिंज आधी काढून मग चिमटी लावायची. क्रम चुकला की नळीच्या टोकाशी रक्त गोठते आणि सुई बंद पडते. पुन्हा टोचणे आले.

नातेवाईकांनी काय लक्षात ठेवावे

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणांची धोक्याप्रमाणे चार वर्गांत विभागणी होते आणि उपकरणातील दोषांची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. त्यामुळे झडप गळणे, थ्री-वेला तडा जाणे या ‘किरकोळ’ वाटणाऱ्या गोष्टीही रुग्णालयाने कळवायच्या असतात. पण रोजच्या सुरक्षिततेचा मोठा भाग रुग्णाच्या खाटेपाशीच ठरतो.

थेंब हळू पडतात म्हणून रोलर फिरवू नये. थ्री-वेला हात लावू नये. रुग्णाला संडासला नेताना किंवा तपासणीसाठी हलवताना पंप स्वतःहून वर-खाली ठेवू नये; उंची एकदम बदलली तरी जोरकस औषधाचा थोडा डोस एकदम आत जाऊ शकतो किंवा काही काळ थांबू शकतो. हात दुमडलेला नाही, नळी अंगाखाली किंवा खाटेच्या कठड्यात अडकलेली नाही, एवढे मात्र जरूर पाहावे. वेदनाशमनाच्या पंपाचे बटण फक्त रुग्णाने दाबायचे असते. त्याची दया येऊन, तो झोपलेला असताना दुसऱ्या कोणी ते दाबू नये.

आणि काही खुणा दिसल्या तर लगेच सिस्टरना हाक मारावी: मुख्य सलाईनची पिशवी कमी होण्याऐवजी भरत चालली आहे, नळीत पांढरट साका किंवा हवेचा मोठा बुडबुडा दिसतो आहे, जोडणीतून थेंब गळत आहेत, थ्री-वेचे एखादे तोंड टोपीविना उघडे आहे, सुईजवळ सूज आली आहे, किंवा बटण दाबूनही वेदना जराही कमी होत नाहीत. शेवटची तक्रार ‘अजून डोस वाढवा’ अशी सांगण्याऐवजी ‘औषध पोहोचतेय का, ते बघा’ अशी सांगावी.

चांगली सिस्टर ड्यूटी बदलताना एक गोष्ट करते. रुग्णाच्या सुईपासून सुरुवात करून प्रत्येक नळी बोटांनी चाचपत ती वर पिशवीपर्यंत किंवा पंपापर्यंत जाते आणि वाटेतला प्रत्येक थ्री-वे, प्रत्येक झडप पाहते. याला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ नातेवाईकांनी तिला काही विचारू नये.